अल्याडची जाऊ, पल्याडची जाऊ

कुऱ्हाडीनं निम्मी राई गिळली होती, तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठी रानजायफळीची फळणारी दोनच झाडं उरली होती. अल्याडची सरळसोट, भरल्या अंगाची. पल्याडची कातळात उगवलेली, वाकडी. नात्यानं दोघी जावा.

धनेश पक्षी दोघींची फळं खाई आणि बिया रानभर टाकी. अल्याडचीला ते बघवेना. "भाऊजी, त्या कुबडीच्या बिया कशाला पेरता? राईला काही रूप नको का?" ती रोज टोचायची. धनेश मुळात आळशी. अल्याडच पोट भरतंय म्हटल्यावर तो पलीकडं जाईनासा झाला. बघता बघता जिकडंतिकडं अल्याडचीचीच रोपं झाली, सगळी एका साच्यातली. ती मनोमन फुलली.

मग एका उन्हाळ्यात ओढा आटला. ओल्या मातीला सोकावलेल्या त्या सगळ्या रोपांनी एकदमच माना टाकल्या. तिच्या बुंध्याशी एवढंसं एकच रोप हिरवं राहिलं.

"बघा, माझं लेकरू!" ती म्हणाली.

धनेश चाचरला. "वहिनी, ते पलीकडच्या वहिनींचं. त्याचं बी मागं उडताना माझ्या चोचीतून सुटलं होतं. कातळातल्या वाणाचं, म्हणून कोरड्यात तगलं."

तिच्या पानापानावर काटा आला. इतके दिवस तिनं त्याला आपलं समजून सावली दिली होती.

"आणि उद्या पूर आला तर?" तिनं घाबरत विचारलं.

"तर हे कुजेल. तेव्हा ओल सोसणारी तुमचीच रोपं कामी येतील."

 मग सावली तशीच धरून तिनं ओढ्यापलीकडं हाक दिली, "अहो जाऊबाई, यंदा फळं धरलीत ना? भाऊजींना तिकडं धाडते."