गेणबानं सासूबाईंना समुद्र दाखवला

घाटावरच्या एका गावात गेणबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती? सांगितलेलं सगळं ऐकायचा. तेवढीच एक खोड होती त्याला.

बायकोचं नाव साळू. तिनं जन्मात समुद्र बघितला नव्हता. तिनं भावाकडून तंबू आणि हवेची गादी मागून आणली, पीठमीठ बांधलं आणि नवऱ्याला घेऊन कोकणात निघाली. तिची आईही निघाली. तिला समुद्राचं काही नव्हतं. तिला जावई तपासायचा होता.

एसटीतून उतरल्या उतरल्या सासूबाईंनी बजावलं, "साळे, ह्याच्या करामती ऐकून माझे कान किटले. इथं ह्यानं माझं डोकं फिरवलं, तर मी निघाले. जाताना तुला घेऊन जाणार. परत नांदायला धाडायची नाही."

नवरा खुळा होता, पण साळूला तोच हवा होता.

सुरूच्या बनाशी त्यांनी तंबू ठोकला. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या जनू तांडेलानं फिरायला होडी दिली, दोन वल्ही दिली.

"अहो, वल्ही खाली ठेवा," साळू म्हणाली.

गेणबानं ठेवली. लाटेच्या तोंडाशी ठेवली. लाट आली, एक वल्हं घेऊन गेली. गेणबा बघत उभा.

"अहो, पाण्याकाठी काही ठेवलं, तर दोरीनं खुंटीला बांधायचं! कळलं?"

"कळलं."

मग सासूबाई पाण्याकाठी बसल्या. लाटेत पाय सोडले, डोळे मिटले. गेणबानं दोरी आणली. एक टोक सासूबाईंच्या पायाला, दुसरं तंबूच्या खुंटीला. मोठी लाट आली. सासूबाई उठून पळाल्या. चार पावलं पळाल्या आणि तोंडावर पडल्या. मागं तंबू पडला.

"माणसाला बांधतात होय?" साळूनं कपाळ बडवलं. "वाकून नमस्कार करायचा. हाताला धरायचं. 'चला' म्हणायचं आणि सावलीत नेऊन बसवायचं. कळलं?"

"कळलं."

साळूनं तंबू पुन्हा उभा केला, आई आत जाऊन बसली. तेवढ्यात बिळातून एक खेकडा आला. चांगला ताटलीएवढा. उन्हात उभा होता बिचारा. गेणबानं वाकून नमस्कार केला. हाताला धरलं. खेकड्यानंही त्याचा हात धरला. "चला," गेणबा म्हणाला, आणि त्याला तंबूत सासूबाईंशेजारी बसवलं. खेकड्यानं मग सासूबाईंचा अंगठा धरला.

ती किंकाळी वाडीपर्यंत गेली.

"अहो, तंबूत कुणी शिरलं की बोंब मारायची! वल्ह्यानं हाणून बाहेर काढायचं! कळलं?"

"कळलं."

किंकाळी ऐकून जनू तांडेल धावत आला. हातात शहाळी घेऊन आला, भला माणूस. "काय झाला गे बाय?" म्हणत त्यानं तंबूत डोकं घातलं. सासूबाई अजून अंगठा चोळत होत्या. गेणबानं बोंब मारली आणि वल्हं हाणलं.

"माका कित्याक मारतंस रे?" म्हातारा कळवळला.

सासूबाई छातीवर हात ठेवून बसल्या. "बस्स. आता आणखी एक घोटाळा, की मी निघाले. पोर घेऊन निघाले."

साळूनं नवऱ्याचे दोन्ही खांदे धरले. "अहो, मी ह्या बाबांना वाडीत पोचवून येते. आई निजेल. निजलेल्या माणसाला उठवायचं नाही, हलवायचं नाही. काही होवो, तोंडावर बोट. कळलं?"

"कळलं."

सासूबाईंनी गादी बाहेर काढली. तंबूत जावई यायचा. ओहोटी होती. समुद्र लांब गेला होता. घाटावरच्या माणसांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, गेला तो गेला. सासूबाईंनी गार, ओल्या वाळूवर गादी टाकली आणि घोरायला लागल्या.

समुद्र परत आला. गादीखाली शिरला. गादी डुलली, उचलली, चालू लागली.

गेणबा बघत होता. बांधावं? माणसाला बांधत नाहीत. हाताला धरून आणावं? जाग येईल. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

मग त्याच्या लक्षात आलं. सासूबाई निघाल्या! आणि पोरीला न्यायला विसरल्या.

शब्द म्हणजे शब्द. गेणबानं साळूची लुगडी पिशवीत भरली, फणी घातली आणि वाडीत गेला. तांडेलाच्या बायकोनं चहा दिला. तो प्यायला.

"साळे, चल. आई निघाली. तुला न्यायचं राहिलं."

साळूचा चेहरा उतरला. "एसटीनं?"

"नाही. गादीनं."

साळू अशी धावली की चप्पल मागं राहिली. तांडेल टेंगूळ धरून धावला, गेणबा पिशवी धरून. होडी लोटली, वल्हं मारलं. सासूबाई बऱ्याच आत पोचल्या होत्या. जाग आली होती. गादीला मिठी मारून देवाचा धावा चालला होता.

होडी गादीला लागली. साळूनं हात पुढं केला.

गेणबानं तो धरून मागं घेतला. त्यात पिशवी दिली. मग गादीकडं वळून अदबीनं म्हणाला,

"सासूबाई, जरा सरकता का? हिला बसायला जागा करा."