इनासची मोकळी जागा

“माझा दादूस सगळ्यांसाठी बांधावर उभा राहिला. मग देव त्याच्यासाठी का उभा राहिला नाही?”

हा प्रश्न इनासने आयुष्यभर विचारला आणि त्याला कुणीही उत्तर दिलं नाही. आईने दिलं नाही, फादरांनी दिलं नाही, आणि खाडीने तर नाहीच नाही.

खाडीवर पूल नव्हता आणि देवळाची, म्हणजे गावच्या चर्चची, घंटा आंब्याच्या फांदीला टांगलेली असायची, त्या काळातली ही गोष्ट. गाव होतं नांदरखार. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आणि मध्ये मातीचा एक लांब बांध. गावाचा जीव त्या बांधात होता. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की तिथे पुढची काही वर्षं भात पिकत नसे. आणि बांध तर दर उधाणाला कुठे ना कुठे खचायचाच.

इनासचा थोरला भाऊ दुमिंग शांत होता. पाऊस ओसरता ओसरता त्याने पिकून गळलेली ताडफळं गोळा केली आणि त्यांच्या आठळ्या बांधाच्या कडेने ओळीने पुरल्या. ताडाची मुळं माती धरून ठेवतील, असं त्याचं म्हणणं. लोक हसले. शेजारचा पास्कू म्हणाला, “दुमिंग, ह्या झाडांची सावली तुझ्या नातवाच्या नातवाला पडेल.” दुमिंगने मान डोलावली आणि पुढची आठळी पुरली.

त्याच महिन्यातल्या अमावास्येला मोठं उधाण आलं. बांध मधोमध फुटला. दुमिंग सर्वांच्या आधी त्या भगदाडात उतरला आणि लोक मागून पेंढा, केळीचे खुंट आणि चिखल टाकत राहिले. भगदाड बुजलं, शेतं वाचली. पण दुमिंगच्या पायाखालचा चिखल खचला आणि त्याने त्याला आत ओढून घेतलं. त्याच्या शेजारी उतरून हात द्यायला कुणी नव्हतं.

इनास तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. शाळेत तो जेमतेम एक पावसाळा टिकला होता. डोक्याने तापट, हाताने उतावळा. चूल पेटायला उशीर झाला तर फुंकणी फेकून देणारा. दादूसला पुरताना त्याने मूठभर मातीसुद्धा टाकली नाही. त्याच रविवारी तो तडक देवळाच्या दारात गेला आणि भरल्या मिस्सेत, सगळ्यांची प्रार्थना चालू असताना, त्याने तो प्रश्न विचारला.

म्हातारे फादर सिमांव वेदीवरून खाली उतरले आणि दारापर्यंत चालत आले.

“मला ठाऊक नाही, इनास,” ते म्हणाले. “तू विचारत राहा. पण विचारायला इथेच येत जा.”

इनासला त्या उत्तराचा राग आला. मात्र दुसऱ्या दिवशी त्याने कावड उचलली. दादूसने मागे ठेवलेल्या त्या आठळ्यांखेरीज त्याच्याकडे दादूसचं काहीच नव्हतं. बुजवलेल्या भगदाडावर त्याने दादूसच्या उरलेल्या आठळ्या पुरल्या, आणि देवळाच्या विहिरीचं गोडं पाणी तो बांधावर नेऊ लागला. थंडी संपली, ईस्टरआधीचा उपासकाळ आला, तरी मातीतून काहीच वर आलं नाही. तो रोज वाकून बघायचा आणि रोज तोंड कडू करून परतायचा.

एका सकाळी त्याचा तोल सुटला. त्याने कुदळ घेतली आणि बांधाच्या मधोमध, जिथे दादूस गेला तिथूनच खणायला लागला. पहिली आठळी उपटली, दुसरी उपटली, तिसरी उपटली.

ताडी काढणारा बाळकू भंडारी वरून, जवळच्या एका जुन्या ताडाच्या शेंड्यावरून हे बघत होता. तो सरसर खाली आला. “काय रे इनास, तू ताड लावतोस की रताळी काढतोस?”

“ह्यात जीव नाही,” इनास म्हणाला.

बाळकूने खड्ड्यात बोट दाखवलं. आठळीच्या पोटातून पांढराशुभ्र कोंब निघून हातभर खोल गेला होता आणि कुदळीने मध्येच तुटला होता. बाळकूने सांगितलं की ताड आधी खालीच जातो. वर काही दिसत नाही तेव्हा तो स्वस्थ बसलेला नसतो.

तुटलेले कोंब हातात घेऊन इनास बांधावरच बसला आणि दादूस गेल्यापासून पहिल्यांदा रडला. मग कुदळ घेऊन फादरांकडे गेला. “ही तुमच्याकडे ठेवा,” तो म्हणाला. “माझ्या हातांचा भरवसा नाही.”

पुढच्या पावसात बाकीच्या आठळ्यांतून एकेक पान वर आलं, तलवारीच्या पात्यासारखं. मोकळी राहिली ती फक्त तीन आठळ्यांची जागा. इनासने तिथे पुन्हा पुन्हा आठळ्या पुरल्या, पण कधी खेकड्यांनी कोरल्या, कधी गुरांनी तुडवल्या. गाव त्या जागेला इनासची मोकळी जागा म्हणू लागलं, आणि तोही खाली मान घालून तसंच म्हणू लागला.

ताड काही घाई करत नव्हते. इनासही हळूहळू घाई विसरला. आधी तो मिस्सेला दाराबाहेर उभा राहायचा. मग उंबरठ्याच्या आत, मग शेवटच्या बाकावर. एका नाताळात त्याने सगळ्यांबरोबर गाणं म्हटलं, आणि त्याच्या आईने पदराने डोळे टिपले. प्रश्न त्याने सोडला नव्हता. तो रोज बांधावर उभा राहून देवाला तोच प्रश्न विचारायचा आणि मग पाणी घालायचा.

कुणाचं माणूस गेलं, कुणाचा देवावरचा विश्वास उडाला, की लोक त्याला इनासकडे पाठवू लागले. इनास उपदेश करत नसे. हातात घागर द्यायचा आणि म्हणायचा, “चल, पाणी घालू.” त्याच्या कावडीतून कधी थेंब सांडला नाही, असं म्हणतात. त्याने गोडं पाणी उपसायला सुरुवात केल्यापासून देवळाची विहीर कुठल्याच उन्हाळ्यात आटली नाही, असंही म्हणतात.

इनासचे केस पिकले तेव्हा ताड घरांहून उंच झाले होते. त्या वर्षी पाऊस संपताना असं वादळ आलं, की भर दुपारी कोंबड्या खुराड्यात शिरल्या. उधाणाचं पाणी बांधाला भिडलं. जिथे ताड होते तिथे मुळांनी माती धरली. पण मोकळ्या जागेत पाणी माती खाऊ लागलं. ती जागा गेली असती तर सगळ्या गावाचं भात गेलं असतं.

इनासने कुणाला हाक मारली नाही. तो जाऊन त्या जागेत उभा राहिला. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. पायाखालचा चिखल सुटू लागला, जसा दादूसच्या पायाखालचा सुटला होता.

आणि त्याच्या डाव्या हातात कुणाचा तरी हात आला. तो पास्कू होता. म्हातारा, गुडघ्यांनी अधू, आणि तोंडाने अजून तसाच. “सावलीत उभं राहायला आलो रे,” तो म्हणाला. उजवीकडून बाळकूचा मुलगा आला. मग ज्यांनी ज्यांनी कधी इनासबरोबर पाणी घातलं होतं ते सगळे आले. ह्या ताडापासून त्या ताडापर्यंत माणसांची साखळी झाली. मागे बायका चिखल आणि केळीचे खुंट रचत राहिल्या. इनास गळ्यापर्यंत खचला, पण हात सुटले नाहीत.

म्हणतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे ताड एकमेकांकडे वाकले आणि त्यांच्या झावळ्यांनी माणसांच्या खांद्यांना आधार दिला. पाणी त्या साखळीपर्यंत आलं, थबकलं आणि मागे फिरलं, असं खाडीकाठची सगळी गावं म्हणतात.

इनासला ओढून बाहेर काढलं, तेव्हा पास्कूने विचारलं, “मिळालं का रे तुझ्या प्रश्नाचं उत्तर?”

“नाही,” इनास म्हणाला. त्याने सगळ्यांच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिलं. “पेज आहे का कुणाकडे?”

आजही नांदरखारमध्ये ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक आधी बांधावर जाते. वर्षभरात ज्या घरातलं माणूस गेलं असेल, त्या घरचे देवळाच्या विहिरीतून घागर भरून आणतात आणि ताडांना पाणी घालतात. त्यांना कुणी समजावत नाही. कुणीतरी फक्त शेजारी उभं राहतं. देवळातल्या वेदीसाठी पहिली झावळी मोकळ्या जागेतल्या ताडाची काढतात. हो, आता तिथेही ताड आहे.

तो इनासने लावला. शेवटच्या वर्षी त्याला चालवत नव्हतं, तर गावाने त्याला खुर्चीवर बसवून बांधावर नेलं. त्याने देवळातून आपली जुनी कुदळ मागवली. एकच खड्डा केला, आठळी ठेवली, तळहाताने माती दाबली आणि घोटभर पाणी घातलं. मग त्याने कुदळ पास्कूच्या नातवाच्या नातवाकडे दिली, आणि एकदाही मागे वळून न बघता त्याच खुर्चीवरून घरी गेला.