उंचवट्याआडची चार अंडी

सायकली डोंगर उतरायला नुकत्याच शिकल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. दूरच्या तळ्यावर वाढलेली एक टिटवी शहराजवळच्या आपल्या जन्माच्या टेकडीवर परतली. तिला वाटलं होतं, तीच जुनी शेळ्यांची वाट असेल आणि आपण ओरडलो की शेळ्या बाजूने जातील. पण वाटेवर आता मातीचा एक उंचवटा होता, आणि त्याच्या पायथ्याशी साफ, मोकळी, खड्यांची जमीन. “टेकडीने माझ्यासाठीच राखून ठेवली!” म्हणत तिने तिथे चार अंडी घातली.

शनिवारी उंचवट्यावरून एक सायकल उडाली आणि अंड्यांपासून वीतभर अंतरावर आदळली. मग दुसरी, मग तिसरी. टिटवी घसा फाटेस्तोवर ओरडली. एक खडा उडून एका अंड्याला लागला, तेव्हा तिने चारही अंडी पंखांखाली घेतली.

“मोकळी जागा दिसली की बसलीस!” झुडपातला म्हातारा ससा म्हणाला. “ती मोकळी कोणी केली, हे नको का विचारायला? सोड ती अंडी. उद्या रविवार, याच्या दुप्पट येतील.”

“ससोबा, मी एवढी ओरडते, त्यांना ऐकू कसं येत नाही?”

“येतं गं बाई. पण तोवर चाकं हवेत असतात. उंचवट्याआडचं त्यांना वरून दिसत नाही.”

टिटवी रात्रभर अंड्यांवर बसून राहिली.

सकाळी वरच्या वळणावर चाकांची खरखर ऐकू आली. टिटवीने अंड्यांवरून एकदा चोच फिरवली. मग ती उठली, उंचवटा ओलांडून चाकं येत होती त्या बाजूला गेली, आणि वाटेच्या मधोमध पंख पसरून उभी राहिली.