खोतांची गुहा

“पण बाबा, आमचं चुकलं कुठे, ते तरी सांगा!”

मुकुंदाने हे तिसऱ्यांदा विचारलं. नूरशा फकीर चिंचेखाली बसून कुळीथ निवडत होते. त्यांनी सुपातला एक खडा उचलला, लांब फेकला आणि पुन्हा सुपात बघू लागले.

खाली सड्याच्या, त्या उघड्या कातळपठाराच्या, पोटात ती गुहा होती. जमीन आप्पा खोतांची. सडा सगळा जांभ्या दगडाचा, त्यामुळे चिरेखाणवाले कधीचे खोतांच्या मागे हात धुऊन लागलेले. पण खोतांच्या वडिलांनी जाताना बजावलं होतं, “गुहेतली वटवाघळं आपल्या भातावरची कीड खातात. ती आहेत तोवर तिथला एक चिराही काढायचा नाही.” त्या एका शब्दावर गुहा टिकली होती.

मुकुंद आणि त्याचे दहा सोबती चार वर्षं दर रविवारी तालुक्याहून यायचे. गुहेत चूल मांडणाऱ्यांना, बाटल्या फोडणाऱ्यांना त्यांनीच हुसकावलं. खोतांच्या हातापाया पडून कुंपण घातलं. आपण नसतो तर गुहा केव्हाच गेली असती, असं मुकुंद सगळ्यांना सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

तरी वटवाघळं दर वर्षी कमी होत गेली. या दिवाळीपासून तर एकही नाही.

“उद्या सकाळी मशीन येतंय,” मुकुंद म्हणाला. “खोत म्हणतात, ‘तुमच्या गुहेपेक्षा माझ्या माळ्यावर जास्त जीव आहेत.’ आणि वर हसतात.”

“मग? मी काय करू?”

“फक्त एवढंच सांगा, की परवा तुम्ही वटवाघळं पाहिलीत. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत.”

“खोटं बोलू?”

“गुहेसाठी, बाबा.”

“हं... आधी चल. कशासाठी बोलायचं ते बघू तरी.”

दोघं उतरले. गुहेच्या तोंडाशी मुकुंदाने चपला काढल्या.

“बाबा, चपला इथेच.”

“माझ्या पायांत कधी पाहिल्यास?”

मुकुंद ओशाळला. पण आत पाऊल टाकताच त्याचा आवाज त्याच्याही नकळत चढला.

“पहिल्यांदा आलो तेव्हा घोट्यापर्यंत लेंड्या होत्या, बाबा. सतरा पोती काढली! आता खुशाल पंगत बसवा.”

“आणि वास?”

“त्यालाही उपाय केला. दर रविवारी कडुलिंबाचा धूर.”

“धूर करताना वर बघायचात, की खाली?”

“...खाली.”

मुकुंदाने मान वर केली. छत काजळून काळं झालं होतं. मधल्या भेगांमधून, जिथे पूर्वी वटवाघळं दाटीवाटीने लटकायची, तिथून काजळीचे ओघळ उतरले होते.

त्याला तो पहिला धूर आठवला. भर दुपारी वटवाघळं डोक्याभोवती घिरट्या घालत होती, भिंतींवर आपटत होती. सोबती घाबरले, तेव्हा तोच हसून म्हणाला होता, “अरे, आपलं स्वागत करतायत!”



नूरशा खाली बसले. त्यांनी दोन्ही तळवे जमिनीला टेकवले, बराच वेळ तसेच ठेवले, मग उचलून मुकुंदासमोर धरले. तळवे स्वच्छ होते. धुळीचा कणसुद्धा नाही.

“इथे हात टेकला की बोटांवर किडे चढायचे,” ते म्हणाले. “बारीक... पांढरे. डोळेच नसायचे त्यांना. लेंड्यांवर जगायचे.”

“ते कुठे गेले?”



सतरा पोती... मुकुंदाने ती स्वतः पाठीवरून वाहिली होती. प्रत्येक पोत्याबरोबर फोटो काढून घेतला होता.

बाहेर खाणीची माणसं आखणी करायला आली होती. चुन्याची पांढरी रेघ कुंपण ओलांडून गुहेच्या तोंडापर्यंत आली.

“नका येऊ खोतांकडे,” अखेर मुकुंद म्हणाला. “सांगण्यासारखं काही उरलं नाही.”

“बरं.”

त्या ‘बरं’ने मात्र तो पेटला.

“तुम्हाला सगळं ठाऊक होतं! चार वर्षं वर बसून बघत होतात. एकदा... एकदा तरी येऊन सांगायचंत, बाबा!”

नूरशा गुडघ्यावर हात टेकून हळूहळू उठले. मुकुंदाकडे त्यांनी पाहिलं, त्या नजरेत राग नव्हता.

“आलो होतो रे. पहिल्याच रविवारी. तू म्हणालास... ‘बाबा, जरा पाय उचला, इथलं झाडायचं राहिलंय.’”