भिंगरीला न कळलेला नाच

आटपाट रानात, एका कड्याच्या कपारीला मधमाश्यांचं मोठं पोळं होतं. फुलं कुठे फुललीत ते नाचून सांगायचं, अशी त्यांची रीत. गिरक्या बघायच्या, पत्ता ओळखायचा आणि उडायचं. हा नाच पोरींना शिकवायची म्हातारी गुंजाक्का.

भिंगरीला मात्र तो काही केल्या उमगेना. आक्का करंजाचा पत्ता नाचायची आणि ही भलतीकडेच जायची. रिकामी परतली की पोरी फिदीफिदी हसायच्या. मग ती भर नाचात धक्के मारायला लागली. एकदा तर आक्कालाच कडकडून चावली.

"हाकला त्या द्वाड कार्टीला!" सगळं पोळं घोंगावलं.

आक्काही चिडली होती. पण चावताना पोर थरथरत होती, हे तिला जाणवलं होतं. तिने भिंगरीला जवळ घेतलं. "खरं सांग बाळ, मी नाचते तेव्हा तुला काय दिसतं?"

"नुसती गरगर. पण आक्का, तुझ्या पायांना करंजाचा पुसटसा वास येतो, तो कळतो."

आक्काने आपल्या पायांकडे पाहिलं. नाचाआधी पाय स्वच्छ पुसायचे, ही शिस्त तिनेच घातली होती.

दुसऱ्या दिवशी ती परागाने माखलेले पाय घेऊनच आली. "आधी हुंग, मग जा."

भिंगरी गेली ती थेट करंजावर, आणि मधाने टम्म होऊन परतली.

तिसऱ्या दिवशी आक्काने पाय पुढे केला, तर भिंगरीच्या मागे आणखी चौघी मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांतली पहिली, सगळ्यात मोठ्याने हसणारी.