पडद्याचा नंबर एक

सकाळचे साडेनऊ. निवृत्त प्राध्यापिका विमल आचरेकर यांचं स्वयंपाकघर. गॅसवर दूध.

“म्हणजे तुम्ही सही करणार नाही, मॅडम?”

विचारणारा शार्दूल उकिडवे, बाईंचा जुना विद्यार्थी. शहरातल्या विजेवरच्या नव्या बसची आतली सगळी यंत्रणा त्याने जोडलेली. मागच्या आठवड्यात दरवाजात एका प्रवासी बाईचा हात अडकला आणि बस तशीच निघाली. तिची बोटं गेली.

अहवाल म्हणतो, मानवी चूक. मानव म्हणून ड्रायव्हर रऊफ मुजावर सापडला. तो निलंबित आहे. दुपारी अहवाल वर जाणार, त्यावर तज्ज्ञ म्हणून बाईंची सही हवी.

“हात अडकलाय, हे दरवाजाने सांगितलं नाही?” बाईंनी विचारलं.

शार्दूल गॅसच्या ओट्याला टेकून उभा होता.

“माझी यंत्रणा चोख आहे, मॅडम. ब्रेक, दरवाजा, जाहिरातींचा पडदा, सगळे एकाच तारेवर बोलतात. प्रत्येकाला नंबर. दोघं एकदम बोलले तर लहान नंबरवाला पुढे जातो, मोठा आपणहून गप्प बसतो. भांडण नाही की...”

“शार्दूल, दू...”

“एक मिनिट, मॅडम.”

बाई गप्प झाल्या.

“पडदा मध्येच अडकायचा. उद्घाटनाला साहेबांच्या शुभेच्छाच थांबल्या असत्या! त्याला नंबर एक द्या, असं वरून आलं. दिला. पडदा थांबला की बाकीचे बोलतातच ना?”

“अरे, गॅस...”

“बोलू तर द्या मला!”

बाई पुन्हा गप्प झाल्या.

“आजही बस त्याच यंत्रणेवर धावतेय. एक तक्रार नाही. मुजावरने आरशात बघायला नको?...”

दूध उतू गेलं. ओटाभर पसरलं. शार्दूलने घाईघाईने गॅस बंद केला, तेवढ्यात हात पोळला.

“सांगायचं ना, मॅडम!”

“सांगत होते.”

“मग थांबलात कशाला?”

“तुझा नंबर लहान होता.”

शार्दूलने हात नळाखाली धरला.

“वरून आलं होतं, मॅडम.”

“वर कोण?”

शार्दूलने नळ बंद केला.

बाईंनी अहवाल बिनसहीचा त्याच्यापुढे सरकवला.

“मुजावर घरी बसलाय, शार्दूल. आणि पडद्याचा नंबर अजून एकच आहे.”