कोणी? कोणाला?

फार जुनी गोष्ट आहे, मुलांनो, मोठ्यांनीही ऐकावी. नदीकाठच्या एका गावात अंबाजी नावाचा एक वाचक राहत होता. दरबारातले पंडित दर आठवड्याला राज्यकारभारावर लेख लिहीत आणि बाजाराच्या दिवशी अंबाजी तो चौथऱ्यावरून वाची. पंडितांची भाषा लोण्यासारखी मऊ, त्यात अंबाजीचा आवाज गोड! लोक माना डोलवीत ऐकत.

एका बाजाराच्या दिवशी अंबाजीने वाचले, "पल्याडच्या वाडीला शिस्त लावण्यात आली. काही घरे मोकळी करण्यात आली. थोडी गैरसोय झाली, पण ती सर्वांच्या सुखासाठीच. वाळवीवर कोणी दया करते का? आता पुढच्या वाडीसाठी प्रत्येक घराने एक तरुण द्यावा."

"वा, वा!" लोक म्हणाले.

गर्दीत अंबाजीची बायको ठकूबाई उभी होती. पल्याडची मध विकणारी मंडळी आज आलीच नव्हती. त्यांची जागा रिकामी पाहून ती मघापासून बेचैन होती.

"अहो," ती म्हणाली, "शिस्त लावली कोणी?"

"अगं, लिहिलंय ना, लावण्यात आली."

"आपोआप?"

लोक हसले. अंबाजीने कागद पुन्हा पाहिला. कर्ता कुठेच नव्हता.

तेवढ्यात नावाडी पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "शिपायांना मीच पल्याड सोडलं," तो म्हणाला. "संध्याकाळी धूर दिसला. वाटलं, रान पेटलं असेल."

"आणि घरं मोकळी केली, तर त्यातली माणसं कुठं गेली?" ठकूबाईने विचारले. "वाळवी म्हणे! वाळवी कधी मध विकायला येते का?"

"आज पहाटे पल्याडच्या रानातून पोरांचं रडणं ऐकू येत होतं," नावाडी म्हणाला. आता कोणी हसले नाही. अंबाजीने घसा खाकरला आणि तोच लेख नव्याने वाचला, "राजाच्या शिपायांनी पल्याडच्या लोकांची घरं जाळली. त्यांना रानात हाकललं. आता पुढची वाडी जाळायला आपली पोरं हवी आहेत."

या वेळी कोणाच्याच तोंडून 'वा' निघाला नाही.

गावाने एकही तरुण दिला नाही. उलट सगळ्या होड्या पल्याड गेल्या आणि रानात लपलेल्यांना घेऊन आल्या. घरोघरी पाहुणे झाले, चुलींवर मोठी पातेली चढली. गोष्ट गावोगाव पसरली. मग जिथे जिथे लेख वाचला जाई, तिथे लोक मजेत ओरडत, "कोणी? कोणाला?"

चिडलेले पंडित स्वतः वाचायला निघाले, पण तीन वाक्यांतच घामाघूम होऊन परतले. माणसे मिळेनात, म्हणून राजाने शिपाई माघारी बोलावले आणि लोकांची समजूत घालायला तो स्वतःच बाजारात आला.

"प्रजाजनहो, चूक झाली," तो म्हणाला.

"कोणाकडून?" सारा बाजार एका सुरात ओरडला.

राजाने पंडितांकडे पाहिले. पंडित आभाळाकडे बघत होते. शेवटी राजाने मान खाली घातली.

"माझ्याकडून. मी त्यांची घरं जाळली. मीच ती बांधून देईन."

त्याने ती बांधून दिली.

तात्पर्य: शब्द कितीही गोड असोत, कोणी केले आणि कोणी सोसले, हे कळल्याशिवाय मान डोलवू नये.